बेस आपला, भिंत शेजाऱ्याची

स्टिरिओ ऐकण्याचा शास्त्रोक्त नियम असा, की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. मुंबईच्या वाकोल्यातल्या तीनशे चौरस फुटांच्या घरात हा त्रिकोण आखायला घेतला, की एक कोन फ्रिजमध्ये जातो, दुसरा देवघरात शिरतो आणि तिसरा, म्हणजे खुद्द ऐकणारा, बाथरूमच्या दारात येतो. युक्लिडने भूमिती लिहिली तेव्हा तो पुनर्वसनाच्या इमारतीत राहत नव्हता, हे त्याच्या प्रत्येक प्रमेयात दिसतं.

तरीही वाकोला ब्रिजपासून कलिन्यापर्यंत आता इमारतीगणिक एक तरी हौशी ‘साउंडवाला’ सापडतो. याला कारण अ‍ॅम्प. पूर्वी अ‍ॅम्प्लिफायर घेणं हा सगळ्या घराचा निर्णय असे. आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे तो आठ-दहा किलो भरे, ग्रँट रोडहून आणायला टॅक्सी करावी लागे आणि घरी आल्यावर त्याला शोकेसमध्ये मधला मानाचा कप्पा द्यावा लागे. आताचा डिजिटल अ‍ॅम्प डब्याच्या पिशवीत घालून, स्लो लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून सांताक्रूझला उतरता येतं. घरच्यांना कळायच्या आत तो टीव्हीमागे जाऊन बसलेला असतो. नवऱ्याने काय आणलं हे बायकोला दिसलंच नाही, तर भांडण सुरू तरी कुठून करायचं? तंत्रज्ञानाने संसारावर उपकार केले ते असे.

ही करामत ‘क्लास डी’ रचनेची. जुन्या अ‍ॅम्पमधले ट्रान्झिस्टर गाणं चालू असताना बहुतेक वेळ अर्धवट उघडे असत, आणि त्या अर्धवटपणात पुष्कळ वीज नुसती तापून वाया जाई. नव्यातला ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. तो सेकंदाला चार-चार लाख वेळा उघडझाप करतो, प्रत्येक वेळी किती काळ उघडा राहिला यात सूर दडलेला असतो, आणि बाहेर पडताना कॉइल-कपॅसिटरची जोडी त्या तुकड्यांचं पुन्हा गाणं करते. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते, म्हणून भलामोठा हीटसिंक नको की पंखा नको. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही नखाएवढी चिप अशा कितीतरी स्वस्त अ‍ॅम्पांच्या पोटात बसलेली असते.

यात एकच तोटा झाला. जुना अ‍ॅम्प तापे, त्यामुळे पावसाळ्यात त्याच्यावर मोजे वाळत. आमच्या भाच्याने नवा अ‍ॅम्प आणला तेव्हा त्याच्या आजीने, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, त्यावर हात ठेवून पाहिला आणि निकाल दिला, “गार आहे. चालू नाहीये.” तो चालूच होता.

ही विद्या तशी जुनी आहे. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा असा अ‍ॅम्प सुट्या भागांच्या रूपात विकायला काढला. नावात दहा, प्रत्यक्षात निघायचे अडीच वॉट. म्हणजे खोक्यावरचे वॉट आणि खोक्यातले वॉट यांची फारकत या यंत्राने पहिल्या दिवसापासून पाळली आहे. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात तिला पीएमपीओ हे नाव मिळालं. तळहातावर मावणाऱ्या टू-इन-वनवर शेकड्यांनी, पुढेपुढे हजारांनी वॉट लिहिलेले असत. त्यांची बेरीज खरी मानली असती, तर एका चाळीच्या टेपरेकॉर्डरांसाठी वेगळं वीजकेंद्र उभारावं लागलं असतं.

आता पीएमपीओ गेला, पण त्याचं रक्त वाहतं आहे. भाच्याच्या अ‍ॅम्पवर ‘१०० + १००’ असं छापलेलं आहे. सोबत जो अडॅप्टर मिळाला, त्यावर मात्र बिचाऱ्याने खरं लिहिलं आहे: २४ व्होल्ट, ३ अँपियर. गुणाकार केला, ७२ वॉट. आत बहात्तर घालायचे आणि बाहेर दोनशे काढायचे, असा परतावा आजवर फक्त बुडणाऱ्या चिटफंडांनीच देऊ केलेला आहे.

मी हे भाच्याला दाखवलं.

“मामा, ते पीक असतं.”

“किती वेळ टिकतं?”

“तू इतका मागे लागू नकोस ना!”

साउंडवाल्यांच्या जगात वॉटबद्दलची चौकशी ही पगाराच्या चौकशीइतकीच असभ्य समजली जाते.

खरी मौज पुढे आहे. हे वॉट वापरणार कोण? स्पीकरच्या कागदावर बारीक अक्षरात ‘८६ डेसिबल’ असं लिहिलेलं असतं. अर्थ असा, की एक वॉट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज मिळेल. साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास चालतं. म्हणजे वाकोल्याच्या हॉलमध्ये एका वॉटमध्येच ताईची स्वयंपाकघरातली हाक ऐकू येईनाशी होते. आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं. त्यापुढे वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात, जे कान टवकारले तर कळतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. थोडक्यात, पन्नासाऐवजी शंभर वॉटचा अ‍ॅम्प घेणारा माणूस तीन डेसिबल विकत घेतो, आणि ते तीनही कधी वापरत नाही. पहिला वॉट गाण्याचा. उरलेले नव्याण्णव गच्चीवर शेजाऱ्याशी बोलताना वापरायचे.

पण जुळवाजुळव म्हणाल तर तिला नियम आहेत, आणि ते लॅमिंग्टन रोडवर काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला बहुधा तोंडपाठ असतात. भाच्याबरोबर मी गेलो होतो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो वॉटचा नव्हता.

“रूम केवढा आहे?”

“दहा बाय बारा.”

“वर-खाली शेजारी?”

“वर पण, खाली पण.”

“मग आठ इंची सब घेऊन जा. बारा इंची नको.”

“बाराच द्या,” भाचा म्हणाला.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत चाळीस वर्षांच्या धंद्याचं सार होतं: गिऱ्हाईक सल्ला घ्यायला येतं, पण न्यायला नाही. स्पीकरच्या बाबतीत आपला माणूस इंचात विचार करतो. पाच इंच, आठ इंच, बारा इंच. घर तीनशे चौरस फुटांचं मिळालं ते त्याच्या हातात नव्हतं. सबवूफरचा व्यास मात्र त्याच्या हातात आहे.

त्यानंतर दुकानदाराने ओहमचं पाहिलं. स्पीकर चार ओहमचा की आठचा, हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण तिथेच अ‍ॅम्पचा जीव असतो. ओहम अर्धे झाले की अ‍ॅम्पकडून दुप्पट प्रवाह ओढला जातो. एखादा उत्साही मनुष्य चार ओहमच्या दोन जोड्या एकाच जोडणीला लावतो, ते समांतर होऊन दोन ओहम होतात, आणि मग छोटा अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे गप्प बसतो. ही नव्या पिढीची सुधारणा मानली पाहिजे. जुना अ‍ॅम्प गप्प बसत नसे, धूर काढी. ट्वीटर उडतात तेही बहुधा मोठ्या अ‍ॅम्पने नाही, तर छोट्या अ‍ॅम्पला शेवटपर्यंत पिळल्याने. आवाज फाटायला लागला, की त्या फाटक्या आवाजात वरच्या पट्टीचा कचरा भरपूर असतो आणि तो सगळा नाजूक ट्वीटरच्या अंगावर जातो. “फाटायला लागला की थांबायचं,” दुकानदार म्हणाला. हा सल्ला त्याने अ‍ॅम्पबद्दल दिला होता. पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच सूत्रसंचालकांनाही तो लागू आहे.

वायरीचं प्रकरण लवकर आटोपलं. शुद्ध तांब्याची, ऑक्सिजनविरहित, सोनेरी टोकांची वायर त्याच्याकडे होती. “किती लांब पाहिजे?” त्याने विचारलं. “दीड मीटर,” भाचा म्हणाला. दुकानदाराने साधी लाल-काळी वायर कापून दिली. दीड मीटरमध्ये तांबं कितीही शुद्ध असलं, तरी त्याला आपली शुद्धता दाखवायला वावच मिळत नाही.

मग सबवूफर वाकोल्यात आला.

सबवूफरचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. तो साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचं काम बघतो. ऐंशीच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून सब कुठेही ठेवला तरी चालतो, असं कंपनी म्हणते. कंपनीने वाकोला पाहिलेलं नसतं. चाळीस हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर भरते. आपली खोली तीन मीटर. लहर खोलीत मावत नाही, भिंतीवर आपटून परत येते, जाणाऱ्या लहरीला येणारी भेटते आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये नेमकी छप्पन्न हर्ट्झच्या सुमाराला एक लहर ठाण मांडून बसते. ती भिंतीपाशी सर्वांत जोरात ऐकू येते आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीशी होते.

याचे कौटुंबिक परिणाम फार दूरगामी आहेत. ज्याने पैसे घातले, तो मधोमध खुर्ची टाकून बसतो. त्याला बेस कमी लागतो. तो आवाज वाढवतो. आजी भिंतीला टेकून मेथी निवडत बसलेल्या असतात. त्यांना सगळा बेस मिळतो. तो आणखी वाढवतो. त्या आणखी हादरतात. “अरे, पुरे!” असं त्या म्हणतात तेव्हा तो म्हणतो, “आजी, काहीच वाजत नाहीये!” दोघंही खरं बोलत असतात. एकाच खोलीत बसलेल्या दोन माणसांची दोन सत्यं असू शकतात, हे सांगायला तत्त्वज्ञ लागतात असा आपला समज होता. त्याला फक्त दहा बाय बाराची खोली लागते.

सबची योग्य जागा शोधण्याची एक मान्यताप्राप्त रीत आहे. सब उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, बेस असलेलं गाणं लावायचं आणि स्वतः जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे बेस भरीव आणि स्वच्छ ऐकू येईल, ती सबची जागा. जगभरचे साउंडवाले असे रांगतात. परदेशातल्या मोठाल्या दिवाणखान्यांत त्याला संशोधन म्हणत असतील. इथे भाचा दिवाणाच्या कडेने निघाला, चपलांच्या स्टँडपाशी थबकला, कान जमिनीला लावला आणि पुढे सरकला.

“काय हरवलंय रे?” आजींनी विचारलं.

“बेस शोधतोय.”

“कपाटाखाली बघ. परवा माझी कवळी तिथेच सापडली.”

शेवटी उत्तम जागा सापडली. ती नेमकी आजींच्या गादीची जागा होती. दुसऱ्या क्रमांकाची जागा दाराच्या मागे, म्हणजे तिथे सब ठेवला तर घरात कोणाला येता आलं नसतं. त्याला ती चालणार होती. ताईला चालली नाही.

उरला कोपरा. कोपऱ्यात, जमिनीवर सब ठेवला की तीन बाजूंनी पाठबळ मिळून बेस फुगतो. बहुतेक घरांत तो शेवटी तिथेच जातो. पण तळमजल्यावरच्या वाकोलेकराला ही जागा सुचवून पाहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, आणि वाकोला नाल्याच्या काठच्या घरांनी तो मोजपट्टीशिवाय मोजला. तेव्हापासून इथल्या तळमजल्यांवर महागाची वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, हा ध्वनिशास्त्रापेक्षा वरचा नियम आहे. म्हणून काही घरांत सबवूफर पोटमाळ्यावर असतो, आणि त्याचा बेस थेट वरच्या मजल्याच्या लादीला पोचतो.

इथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. बेस विकत आपण घेतो, ऐकतात शेजारी.

भिंत बारीक आवाज अडवते, जाड आवाज जाऊ देते. चार इंची भिंतीतून गायिकेचा आवाज, सतार, शब्द, यातलं काहीही पलीकडे जात नाही. पलीकडे जातो तो फक्त डग्गा. तुम्ही अख्खी मैफल ऐकत असता. शेजाऱ्याच्या वाट्याला तिचा सांगाडा येतो. आमच्या भाच्याने सब लावल्याच्या चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. भांडायला नाही, चौकशीला.

“तुमच्याकडे रात्री कोण कुटतं गं?” त्यांनी ताईला विचारलं. “मसाला असेल तर मला पण थोडा दे.”

कायदा काकूंच्या बाजूला आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खाजगी जागेतल्या यंत्राचा आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पण गंमत अशी, की हे मोजमाप माणसाच्या कानाच्या हिशेबाने ‘ए’ नावाच्या गाळणीतून करतात, आणि ती गाळणी पन्नास हर्ट्झला तब्बल तीस डेसिबल माफ करते. काकूंच्या छतावर ऐंशीचा बेस आदळत असला, तरी मीटर पन्नासच दाखवणार. कायद्याचा कान अशा रीतीने जरा मंद आहे. काकूंच्या कानाला गाळणी नाही.

आणि वाकोल्यात सबवूफर विकत का घ्यायचा, हा प्रश्न तर मला कधीच सुटलेला नाही. इथे तो फुकट आहे. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून रात्री कंटेनर जातात, तेव्हा काचेच्या कपाटातली बशी ज्या पट्टीत वाजते, ती पट्टी काढायला बारा इंची सबलाही कष्ट पडतात. वर विमानतळ शेजारी. मुंबईच्या विमानतळावर एका वेळी एकच धावपट्टी चालते, आणि त्या एका पट्टीवर डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात १,००७ विमानं चढली-उतरली. हिशेब केला तर दर दीड मिनिटाच्या आत एक. तेव्हा वाकोल्यात चार मिनिटांचं भावगीत लावलं, की त्याला सरासरी पावणेतीन विमानांची साथ मिळते. भाच्याने घेतलेल्या सबच्या पुस्तिकेत ‘घराला थिएटर करा’ असं छापलं होतं. घर थिएटरच होतं. फक्त सिनेमा कायम विमानांचा चालू होता.

बरं, इतकं सगळं जमवून ऐकायचं काय? घरात मत घ्यायचं ठरलं, तर सब पहिल्याच फेरीत पडतो. ताईला भावगीतं हवीत. जुन्या भावगीतांच्या ध्वनिमुद्रणांत ऐंशी हर्ट्झच्या खाली सबने रोजगार मागावा असं फारसं काही नसतं. आजींना गीतरामायण हवं. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून ती छप्पन्न गीतं आठवड्याला एक या क्रमाने लागली, तेव्हा ती एकाच स्पीकरच्या रेडिओवर ऐकली गेली. त्या रेडिओला खालचा बेस नव्हता की वरची झळाळी नव्हती. तरी आजी सांगतात की त्या वेळी रडणारे रडले. ओहम कोणी विचारले नाहीत. शेजारच्या गावठाणातल्या अंकलना जिम रीव्हज लागतो. त्या माणसाचा आवाजच इतका खालचा, की त्याला वेगळा सब लावणं म्हणजे दोनदा बिल भरणं. राहता राहिला भाचा. ‘सैराट’च्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला झालं हे त्याला पाठ आहे, म्हणून तो ‘झिंगाट’ लावतो आणि म्हणतो, “मामा, आता ऐक डिटेल.” डिटेल मला ऐकू येतं. काकूंनाही ऐकू येतं. हायवेवरचा कंटेनरवालासुद्धा काच वर करतो.

तेव्हा ज्यांनी अजून पैसे घातलेले नाहीत, त्यांच्यासाठी साधा हिशेब सांगून ठेवतो. दहा बाय बाराच्या खोलीला प्रामाणिक वीस-तीस वॉटचा छोटा अ‍ॅम्प रगड होतो. खोक्यावरचा आकडा बघू नका, अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर गुणा. स्पीकर चार-पाच इंची, ८६ डेसिबल किंवा त्याहून वरचे घ्या आणि ओहम अ‍ॅम्पला विचारून घ्या. सब घ्यायचाच असेल तर आठ इंची, बंद खोक्याचा. तो कोपऱ्यातून काढून आपल्या खुर्चीजवळ ठेवा, खाली जाड रबर किंवा फोम घाला, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे सबने कुठून खाली वाजायचं ते ठरवणारं बटण, ऐंशी हर्ट्झला लावा. जवळ असलेल्या सबला ओरडावं लागत नाही, आणि मधोमध बसणाऱ्याची उपासमारही थोडी कमी होते.

आणि सर्वांत महत्त्वाचं: सबचा आवाज स्वतःच्या घरात बसून ठरवू नका. घरच्या एकाला बटणापाशी उभं करा, तुम्ही खाली काकूंकडे जा, चहा घ्या आणि फोनवरून “वाढव, वाढव” म्हणत राहा. काकूंनी कप खाली ठेवून छताकडे बघितलं, की “थांब” म्हणा आणि बटणावर स्केचपेनने रेघ मारायला सांगा. तुमच्या अ‍ॅम्पची, स्पीकरची आणि सबची खरी जुळणी त्या रेघेवर आहे. रेघेच्या वर जे वॉट उरतील, ते पाहुण्यांना आकडा सांगायला ठेवा.